वेंगुर्ल्याच्या बंदरावर

वेंगुर्ल्याला निघण्यापूर्वी मी यादी केली होती. बाजार, डच वखार, बंदर, सागरेश्वरचा किनारा, अरवलीचा वेतोबा, शिरोड्याची मिठागरं आणि जमलंच तर रेडीचा गणपती. सकाळी आठला बाहेर पडायचं आणि दिवेलागणीपर्यंत सगळं उरकायचं. सहलीला गेल्यावर आपण पाहत कमी आणि उरकतच जास्त असतो. मीही त्याच पंथातला. पण या खेपेला बरोबर आई होती. तिचं वय ब्याऐंशी, आणि गुडघे त्याहून जुने.

आई मूळची इथलीच. 1953 साली, दहा वर्षांची असताना ती बोटीने मुंबईला आली. त्यानंतर या ना त्या कारणाने गावी जाणं राहूनच गेलं. पुढे घर विकलं गेलं. त्यामुळे आता उतरलो ते लॉजवर. आपल्याच गावात भाड्याची खोली, हे तिने दोनदा बोलून दाखवलं.

पहिला तास बाजारातच गेला. मार्च महिना, टोपल्यांत काजूची बोंडं आलेली, त्यांचा तो घशाला धरणारा गोडसर वास सगळीकडे. मासळीकडे आई बांगड्यांच्या वाट्यासमोर थबकली आणि माझ्या कानावर कधी न पडलेल्या आवाजात म्हणाली, "बांगडे कशे दिलंस गो?"

कोळीणबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "कोणाच्या घरातली गो तू?"

"दाभोलीच्या वाटेर आमचा घर होता."

"मगे इतकी वर्सां खंय होतंस?"

या प्रश्नाला आईकडे उत्तर नव्हतं. लॉजवर चूल नाही, तरी तिने बांगडे घेतले. मला ते जेवणाच्या खानावळीत नेऊन द्यावे लागले आणि तिरफळं घालून करा, ही तिची सूचनाही जशीच्या तशी पोचवावी लागली.

डच वखारीशी रिक्षा थांबवली. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, त्यांत शिरलेली मुळं, पडझड. डचांनी 1637 साली आदिलशाहीच्या परवानगीने इथे ठाणं केलं. गोवा इथून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांना पोर्तुगीजांची समुद्रात कोंडी करायची होती. तेवढ्यासाठी जहाजांना पाणी आणि शिधा पुरवणारी जागा हवी होती. आज पेन्शनीत निघाल्यासारखं दिसणारं हे गाव एका काळी युरोपातल्या दोन दर्यावर्दी राष्ट्रांच्या भांडणात मोक्याच्या जागी बसलं होतं. मी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही इथे यायला घाबरायचो." माझ्या इतिहासाची तिने एवढीच दखल घेतली.

जेवणं झाली. (बांगडे उत्तम झाले होते.) आई पडली ती चारपर्यंत. वेतोबा दहा-बारा किलोमीटरवर. त्याच्या पायांसाठी भक्त हातभर लांबीच्या चपला वाहतात, त्या मला पाहायच्या होत्या. जयवंत दळवींचं गावही तेच. पुढे शिरोडा, जिथे वि. स. खांडेकरांनी 1920 पासून मास्तरकी केली आणि जिथे 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला. मी रिक्षावाल्याला विचारायला निघालो, तर आई म्हणाली, "ते तू ये पाहून. मला बंदरावर सोड."

मी एकटा कसला जातोय. बंदरावर आम्ही तीन तास बसून होतो.

रेल्वेच्या आधीच्या काळात हेच गावाचं दार. मोठी बोट खोल पाण्यात उभी राहायची, तिथवर माणसं पडावातून न्यायची. "खलाशांनी मला उचलून टाकलं," आई म्हणाली, "पोत्यासारखं." मग थोडा वेळ काहीच नाही. मासेमारीचा एक ट्रॉलर परतत होता, त्याच्यामागे पक्ष्यांचा कल्लोळ.

"आजी पोचवायला आली होती."

हे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

वडिलांना गिरगावात खोली मिळाली म्हणून सगळ्यांना बोलावलेलं. आजी मात्र घर आणि म्हैस सोडून यायला तयार नव्हती. आई तिच्यावर रुसली. बंदरावर तिने आजीच्या हातातली खाज्याची पुडीसुद्धा घेतली नाही. पडाव निघाला, तेव्हा आपल्या आईच्या पदरात तोंड खुपसून बसली. मागे वळून पाहिलं नाही. त्याच पावसाळ्यात आजी गेली. पावसाळ्यात बोटी बंद असत. पत्र आलं तोवर दहावा होऊन गेला होता.

"दरवर्षी तुझे बाबा म्हणायचे, जाऊन येऊ. मीच काहीतरी काढायची."

मला काय बोलावं ते सुचेना. मी उठून समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले. उन्हं उतरली, टेकडीवरचं दीपगृह पिवळं पडत चाललं. सागरेश्वरला सूर्यास्त पाहायचा राहिला, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आईने चहाचा पेला खाली ठेवला आणि डोळ्यांवर हात धरून पाण्याच्या टोकापर्यंत पाहिलं.

"इथे उभं राहिलं, तर बोट किती वेळ दिसत असेल रे?"

"बराच वेळ," मी म्हटलं. "मालवणाकडे वळेपर्यंत."

"इतका वेळ ती थांबली असेल?"

तेवढ्यात शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने मान न वळवताच उत्तर दिलं. "थांबतत गो. बोट दिसासर सगळी थांबतत."

आईने पिशवीतून सकाळी बाजारात घेतलेली खाज्याची पुडी काढली. एक खाजं त्याला दिलं, एक मला, आणि एक स्वतः तोंडात टाकलं. तिच्या दातांना ते चावेना, म्हणून ती ते नुसतंच चघळत बसली.