काळी सायकल आणि सकाळची शिफ्ट

डिप्लोमा झाला आणि मी नागापूरच्या एमआयडीसीत अप्रेंटिस म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर प्रश्न आला, ‘मग, गाडी कोणती घेतोस?’ स्टायपेंड किती, हे कुणीच विचारलं नाही.

मी हिशेब मांडला. माळीवाड्यातून कंपनी साधारण सात किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चौदा. गाडीचं अ‍ॅव्हरेज पन्नास धरलं आणि पेट्रोल शंभरच्या वर, तरी महिन्याला सातशे-साडेसातशे रुपये नुसते टाकीत. वर हप्ता. घरात स्टायपेंडमधलं काही द्यायचं असेल तर हे जमणारं नव्हतं. वाड्यात आजोबांची काळी सायकल धूळ खात उभी होती. दुकानदाराने छर्रे बदलले, ग्रीस भरलं, दोन नवे टायर चढवले आणि म्हणाला, ‘अजून वीस वर्षं बघायला नको.’

आधी लाजच वाटली, राव. प्रेमदान चौकात सिग्नलला शेजारी वर्गातला मुलगा बुलेटवर, आणि मी दुधवाल्यासारखा ताठ बसलेलो! पण त्या ताठ बसण्यातच मजा आहे. गिअरच्या सायकलवर माणूस हँडलवर ओणवा होतो. मनगटं आणि मान भरून येते. हिचं हँडल उंच आणि मागे वळलेलं, सीट रुंद, खाली स्प्रिंग. वजन सीटवर बसतं आणि नजर आपोआप लांब जाते. चेनकव्हर असल्याने युनिफॉर्मच्या पँटला डाग नाही. डबा कॅरियरला. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, की पॅडलच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. घाई नाही केली तर घामही फार येत नाही. पावणेसातला निघून सव्वासातला मी गेटवर असतो.

गंमत म्हणजे नगरकरांना सायकलवरून उतरवणाऱ्या गाड्यांत एक आपल्या गावाशी नातं सांगणारी आहे. लुना १९७२ मध्ये आली, आणि ती बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना दौंड रोडला. तिलाही सुरुवातीला पॅडल होतीच. २०२४ मध्ये ती बॅटरीवर परत आली, पॅडल मात्र गेली.

त्रास नाही असं नाही. मनमाड रोडवर मागून ट्रकचा हॉर्न वाजला की पोटात गोळा येतो. एकदा कडेच्या मातीत उतरलो आणि बाभळीच्या काट्याने पुढचं चाक बसलं. नागापूरच्या पुलापासून ढकलत गेलो, लेटमार्क लागला. रात्रपाळीला मी सायकल नेतच नाही. आणि पावसात रॉडचे ब्रेक! लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक दाबूनही सायकल दहा-पंधरा फूट पुढे जाते. पहिल्या पावसात एका टेम्पोच्या मागच्या फाळक्याला जवळजवळ टेकलोच होतो. हे घरी अजून सांगितलेलं नाही.

कंपनीच्या पार्किंगमध्ये सायकलला जागा आखलेली नाही. वॉचमनने मला भिंतीकडेला पाठवलं. तिथे आधीच तीन काळ्या सायकली उभ्या होत्या, सगळ्या रिटायरमेंटला आलेल्या कामगारांच्या. त्यातल्या एका काकांनी माझ्या ब्रेकवरून बोट फिरवलं. ‘रबरं गुळगुळीत झालीत. आधी बदल, मग बाकीचं.’

रविवारी तेच काम आहे.