ससा, पिंजरा आणि आपला निर्णय

मित्रहो, आजचा प्रश्न दिसायला लहान आहे. घरी पाळलेल्या सशाचं निर्बीजीकरण करावं की करू नये? आपल्या मराठवाड्यात बैल खच्ची करताना कुणी तत्त्वचर्चा करत बसत नाही. भटक्या कुत्र्यांसाठी तर केंद्राचे २०२३चे नियमच आहेत. सशापाशी मात्र आपण अडखळतो. म्हणतो, निसर्गात ढवळाढवळ कशाला?

हा युक्तिवाद जरा तपासू. परभणीच्या शिवारात पळणारा ससा वेगळा. तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो. आपल्या पिंजऱ्यातला ससा युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याला पिंजऱ्यात आपण ठेवलं, जोडीदारही आपणच आणला. म्हणजे ढवळाढवळ आधीच झालेली आहे. आता काहीच न करणं हाही आपलाच निर्णय ठरतो. तेव्हा खरा प्रश्न असा, की कुठला निर्णय कुणाच्या हिताचा?

आधी मादीचं बघू. ती साधारण चार ते सहा महिन्यांत वयात येते. गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा, आणि व्याल्याच्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय वय वाढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो. गर्भाशय काढलं की तो धोका जातो. म्हणजे इथे फायदा तिचा स्वतःचा आहे.

नराचं तसं नाही. शस्त्रक्रियेनंतर लघवीचे फवारे आणि भांडणं कमी होतात, पण एकट्या नराच्या बाबतीत ही सोय मुख्यतः आपली. सोय बघणं वाईट नाही. तिला 'सशाचं भलं' म्हणू नये, एवढंच. मादी सोबत असेल तर नराच्या शस्त्रक्रियेनं तिची बाळंतपणं टळतात, कर्करोगाचा धोका टळत नाही. आणि नंतरही काही आठवडे नर फळू शकतो, म्हणून सहा आठवडे दोघांना वेगळं ठेवायचं.

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भूल दिल्यापासून ४८ तासांत दगावण्याचं प्रमाण सशांत १.३९ टक्के होतं, निरोगी सशांत ०.७३ टक्के, कुत्र्यांत ०.१७ टक्के. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावं, आजवर किती सशांना भूल दिलीत? 'रात्रभर उपाशी ठेवा' असं उत्तर आलं तर थांबावं. सशाला उलटी होत नाही, त्याला उपाशी ठेवायचं नसतं. उलट त्याची आतडी थंडावली तर जिवावर बेततं. परभणीत १९७२पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येईल. आणि घाई नसेल तर मे महिन्याचं ऊन टाळून हिवाळा गाठावा. ससा उकाड्यानं आधीच बेजार असतो.

काही जण म्हणतील, ससा संमती कुठे देतो? बरोबर. पण त्यावरून 'काहीच करू नये' हे निघत नाही. निघतं ते एवढंच, की आपलं कारण स्वच्छ हवं. सशाला भाषा कळली असती तर हे कारण त्याच्यासमोर सांगायला आपण कचरलो असतो का? मादीबद्दल, जाणता डॉक्टर मिळत असेल तर, बहुधा नाही. तसा डॉक्टर मिळत नसेल तर नर-मादी वेगळे ठेवणं हाच शहाणपणा. पण ससा एकटा कुढतो, हेही विसरायचं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.