शिबोरी
शिबोरी : जपानमधील बंधरंगकामाची परंपरागत पद्धती. पिळणे वा आवळणे या अर्थाच्या ‘शिबोरु’ या क्रियापदावरून ही संज्ञा आली. कापड बांधून, शिवून, दुमडून वा गुंडाळून आवळले, की आवळलेल्या भागात रंग शिरत नाही व तेथे आकृती उमटते. गुजरात-राजस्थानातील बांधणीचे तत्त्व हेच. मात्र शिबोरीत बिंदूंइतकेच घड्यांनाही महत्त्व आहे.

नागोयातील आरिमात्सू हे तिचे प्रमुख केंद्र. १६०८ मध्ये तोकाइदो महामार्गावर वसविलेल्या या गावात वाटसरूंना निळीत रंगविलेले सुती पंचे विकले जात. हिरोशिगेच्या मुद्राचित्रांतही तेथील दुकाने दिसतात. येथील कारागीर सामान्यतः आयुष्यभर एकाच प्रकारचा बंध बांधतो. त्यामुळे हाताला असाधारण सफाई येते. परंतु वारस न मिळाल्यास तो प्रकारच लुप्त होतो.

‘आराशी’ (वादळ) या प्रकारात लांब खांबावर कापड गुंडाळून त्यावर दोरा आवळतात व ते सरकवून दाबतात. रंगविल्यावर तिरप्या पावसासारख्या रेघा उमटतात. योशिको वादा हिने १९७५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात शिबोरीचे अध्यापन सुरू केले. तेथील ॲना लिसा हेडस्ट्रॉम हिने आराशीचा अवलंब करून स्वतंत्र वस्त्रकृती निर्मिल्या. या कलावंतांच्या हाती खांबाऐवजी प्लॅस्टिकची नळी आली.

इचिकू कुबोता (१९१७–२००३) याची वाट वेगळी. मुरोमाची काळात बहरून सतराव्या शतकात लोपलेल्या ‘त्सुजिगाहाना’ वस्त्राचा एक तुकडा त्याने तरुणपणी टोकिओच्या संग्रहालयात पाहिला. महायुद्धानंतर सायबीरियातील बंदिवासातून परतून त्याने ही पद्धती नव्याने घडविली. मूळचे रेशमी कापड दुर्मिळ झाल्याने त्याने रेशमी क्रेप व कृत्रिम रंग वापरले. म्हणून याला पुनरुज्जीवनापेक्षा नवनिर्मिती म्हणणे अधिक उचित; त्यानेही तिला स्वतःचेच नाव जोडले. त्याचे पहिले प्रदर्शन १९७७ मध्ये, साठाव्या वर्षी झाले. शेजारी शेजारी टांगलेल्या किमोनोंतून एकच ऋतुदृश्य साकारणारी त्याची महामालिका अपूर्णच राहिली.

पॉलिएस्टर उष्णतेने मृदू होते व थंड झाल्यावर आकार धरून ठेवते. बंध सोडल्यावरही चुण्या व टोके कायम राहतात. म्हणजे पूर्वी रंगकामाचे केवळ साधन असलेली घडी येथे शिल्परूप होते. आरिमात्सूच्या कारागीर घराण्यातील हिरोयुकी मुरासे याने २००८ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे स्थापिलेल्या संस्थेच्या दीपाच्छादनांत असे आकार आढळतात.