ब्लॅक मेसामधला कामाचा दिवस

सकाळचे ८ वाजून ४७ मिनिटं. बाहेरचं तापमान ९३ अंश फॅरनहाइट, दुपारपर्यंत ते १०५ वर जाईल. नोव्हेंबर १९९८ मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ’ या गेमची सुरुवात ट्रामच्या स्पीकरवरून येणाऱ्या या निवेदनाने होते. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जमिनीखाली पसरलेल्या ‘ब्लॅक मेसा’ या संशोधन केंद्रात गॉर्डन फ्रीमन कामाला निघाला आहे. वय २७, एमआयटीतून सैद्धांतिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. ट्राम बोगद्यांतून सरकत राहते. खाली सांडपाण्याचे हिरवे हौद दिसतात, लोखंडी यंत्रमानव पिंपं उचलतात, एक पहारेकरी बंद दारावर थापा मारत उभा असतो. पडद्यावर श्रेयनामावली येत-जात राहते. बंदूक नाही, शत्रू नाही. डब्यात इकडून तिकडे फिरावं, काचेतून बाहेर बघावं, एवढंच खेळणाऱ्याच्या हातात.

त्या काळात हे धाडस होतं. १९९३ च्या ‘डूम’पासून १९९६ च्या ‘क्वेक’पर्यंत या जातीच्या गेममध्ये पहिल्या सेकंदाला हातात बंदूक असायची. कथा असलीच तर माहितीपुस्तिकेच्या दोन पानांत, आणि ती न वाचताही काही अडत नसे. ‘हाफ-लाइफ’ने गोळीबाराआधी नोकरीची जागा दाखवली. आज तो पुन्हा खेळताना मला सर्वांत टिकाऊ वाटतं ते हेच. पाव शतकानंतर चेहऱ्यांचे कोन टोकदार दिसतात, एकाच चेहऱ्याचे शास्त्रज्ञ जागोजागी भेटतात, तरी ब्लॅक मेसा ही माणसं रोज काम करत असलेली जागा आहे यावरचा विश्वास ढळत नाही.

प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता आठवून पाहा. स्वागतकक्षातला पहारेकरी संगणक बिघडल्याची तक्रार करतो. लॉकर रूममध्ये फ्रीमनचं नाव लिहिलेलं कपाट आहे. विश्रांतीच्या खोलीत मायक्रोवेव्हमध्ये कुणाचा तरी डबा गरम होतोय. बटण दाबत राहिलं तर आतलं अन्न फुटतं आणि शेजारचा शास्त्रज्ञ ओरडतो. एका काचेमागे सुटाबुटातला, हातात ब्रीफकेस घेतलेला एक माणूस शास्त्रज्ञाशी वाद घालतोय. काय बोलतात ते ऐकू येत नाही. मग संरक्षक सूट चढवून आपण प्रयोगाच्या दालनात उतरतो. तिथे एक गाडा आहे, गाड्यावर स्फटिकाचा नमुना. तो किरणांच्या झोतात ढकलायचा. हे काम गेम आपल्याकडून करून घेतो, आणि पुढचा सगळा अनर्थ आपण त्या गाड्याला दिलेल्या धक्क्याने सुरू होतो. दुसऱ्या जगाची दारं उघडतात आणि तिथले जीव इकडे येऊन पडू लागतात.

शुद्धीवर आल्यावर परतीचा रस्ता तोच असतो. तेच कॉरिडॉर, आता छत कोसळलेले. मघाशी ज्यांच्याशी बोललो त्यांतले काही जमिनीवर पडलेले. माणसांनी भरलेली लिफ्ट डोळ्यांदेखत खाली कोसळते. फुटलेल्या दारापाशी एक कटावणी सापडते, आणि ती हातात घेतली की खऱ्या अर्थाने खेळ सुरू होतो. भीती कामाला येते, कारण ती जागा धड होती तेव्हा आपण पाहिलेली असते.

या सगळ्यात कॅमेरा एकदाही फ्रीमनच्या डोळ्यांबाहेर जात नाही. मध्येच चित्रफीत लावून खेळणाऱ्याला प्रेक्षक करून ठेवायचं नाही, हे पथ्य शेवटपर्यंत पाळलं आहे. फ्रीमन एक शब्द बोलत नाही. कथेतली सर्वांत क्रूर गोष्टही अशीच सहज चालताना दिसते. लष्कर आलं आहे म्हटल्यावर केंद्रातली माणसं हायसं वाटून घेतात. एक शास्त्रज्ञ सुटका झाली म्हणून सैनिकाकडे धावत जातो आणि सैनिक त्याला गोळ्या घालतो. सैन्य पुरावे आणि साक्षीदार दोन्ही पुसायला आलं आहे, हे त्या क्षणी कळतं. कुणी समजावून सांगायला थांबत नाही. जर्मनीतल्या आवृत्तीत तिथल्या नियमांपायी या सैनिकांच्या जागी यंत्रमानव घातले गेले होते. त्यात प्रसंगाचा जीवच गेला असणार.

हे सैनिक त्या काळी सगळ्यांच्या बोलण्यात होते. ते आडोसा घेतात, बाजूने वळसा घालतात, आपण दडून बसलो की हातबॉम्ब फेकून बाहेर काढतात, आणि हे करताना एकमेकांना ओरडून सांगतात. त्या ओरडण्यामुळे ते होते त्याहून हुशार वाटायचे. ही युक्ती आजही चालते.

आता हे सगळं कुणी केलं? गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडमध्ये ‘व्हॉल्व्ह’ काढली. कंपनीचा एकही गेम तोवर बाजारात नव्हता. ‘क्वेक’चं इंजिन इड सॉफ्टवेअरकडून परवान्यावर घेतलं आणि त्यात इतके बदल केले की ते पुढे ‘गोल्डसोर्स’ या वेगळ्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. गेम १९९७ च्या अखेरीस यायचा होता. पण जे तयार झालं होतं ते त्यांचं त्यांनाच रुचेना. चांगल्या गोष्टी सुट्या सुट्या विखुरलेल्या होत्या, एकसंध काही नव्हतं. मग त्यांनी एकच लेव्हल निवडली, हाती असलेलं सगळं उत्तम त्यात कोंबलं आणि ती खेळून पाहिली. ती खेळायला मजा आली, आणि बाकीचा गेम त्या मापाने नव्याने बांधायचा ठरलं.

केन बर्डवेल या तिथल्याच अभियंत्याने १९९९ मध्ये या कामाची पद्धत लिहून ठेवली. प्रोग्रॅमर, चित्रकार, लेव्हल बांधणारे, लेखक यांचा छोटा गट एकत्र बसून आराखडा करायचा. विज्ञानकथा-कादंबरीकार मार्क लेडलॉही संघात होते. बाहेरच्या माणसांना गेम खेळायला बसवायचं, आणि ज्यांनी तो बांधला त्यांनी मागे गप्प बसून बघायचं. अडला तरी मदत नाही. बर्डवेलच्या त्या लेखातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. घटना घड्याळावर घडवायच्या नाहीत, खेळणारा किती पुढे आला त्यावर घडवायच्या. हळू चालणाऱ्याला कंटाळा येत नाही, पळणाऱ्याची धांदल होत नाही. चाल खेळणाऱ्याची राहते.

याचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे ‘ब्लास्ट पिट’ हा भाग. रॉकेटचं इंजिन तपासायच्या खोल विहिरीत तीन राक्षसी सोंडा उगवल्या आहेत. त्या आंधळ्या आहेत, आवाजावर जातात. त्यांच्या शेजारच्या अरुंद पट्टीवरून वाकून, पाय न वाजवता सरकायचं. पावलाचा आवाज झाला की चोच खाली येते. हातबॉम्ब दूर फेकला तर ती तिकडे वळते आणि तेवढ्या वेळात पलीकडे जाता येतं. मग इंधन, ऑक्सिजन आणि वीज असं एकेक चालू करायला वेगवेगळ्या दिशांना जायचं, प्रत्येक फेरीत त्याच विहिरीजवळून, त्याच सोंडांखालून. सगळं जुळलं की नियंत्रण कक्षातलं बटण दाबायचं. खालचं इंजिन पेटतं आणि सोंडा जळून जातात. बंदुकीने त्या मरत नाहीत. त्या केंद्रातलीच यंत्रं, ज्या कामासाठी उभी केली होती त्याच कामाला लावून, सुटका होते. कोडं, भीती आणि जागा अशा एका गाठीत बांधलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली आहेत.

आपल्याकडे या गेमची ओळख बहुतेकांना उलट्या बाजूने झाली. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’च्या पायावर १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ उभारला, व्हॉल्व्हने तो आपल्याकडे घेतला आणि २००० मध्ये अधिकृतपणे विकायला काढला. पुढच्या दशकात पुण्या-मुंबईतल्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पोरं तोच खेळत. त्यातल्या ‘डस्ट टू’ या नकाशाचे बोळ त्यांना घरच्या गल्लीइतके पाठ होते. मीही त्यांतलाच. फोल्डरमधली ‘एचएल’ नावाची फाइल उघडून काउंटर-स्ट्राइक सुरू व्हायचा, आणि ती दोन अक्षरं कशाची हे विचारायला कुणाला सवड नसायची. ज्यांनी पुढे कधीतरी एकट्याने घरी बसून मूळ गेम लावला, त्यांना ओळखीच्या चालीच्या आणि ओळखीच्या आवाजांच्या आत अचानक एक गोष्ट सापडली.

नंतरची हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा थोडक्यात. २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला. पूर्व युरोपीय धाटणीचं ‘सिटी १७’, वस्तू उचलून फेकणारी ग्रॅव्हिटी गन, वस्तूंना आलेलं खरंखुरं वजन. त्याचे पुढचे दोन भाग २००६ आणि २००७ मध्ये आले, दुसरा ऐन मोक्यावर तुटला आणि तिसरा आलाच नाही. लेडलॉ २०१६ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. २०२४ च्या माहितीपटात न्यूवेल यांनी स्वतःच सांगितलं की तिसऱ्या भागातून काही नवं पुढे जाईल असं त्यांना दिसत नव्हतं. मला हे प्रामाणिक वाटतं, आणि तरी पटत नाही. १९९७ मध्ये जे जमत नव्हतं ते याच लोकांनी एका लेव्हलपासून पुन्हा सुरू करून जमवलं होतं.

मार्च २०२० मध्ये दोन गोष्टी एकाच महिन्यात आल्या. व्हॉल्व्हचा व्हीआर हेडसेटवर खेळायचा ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’, आणि चाहत्यांनी पहिला गेम नव्या इंजिनवर मुळापासून बांधलेला ‘ब्लॅक मेसा’, ज्याची पहिली मोफत आवृत्ती २०१२ मध्ये आली होती. चाहत्यांनी सर्वाधिक मेहनत घेतली ती झेनवर. फ्रीमन शेवटी त्या परक्या जगात जातो तो हा भाग, आणि मूळ गेमची तीच पडकी बाजू आहे. तरंगत्या खडकांवरून उड्या मारायच्या, पाय घसरला की पोकळीत. नोकरीची जागा मागे राहते आणि तिच्याबरोबर गेमचं बळही. ‘ऑन अ रेल’मधले रुळांचे लांबलचक फाटेही मला कधी आवडले नाहीत, पण ते निदान ब्लॅक मेसातले तरी आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पंचविशीनिमित्त व्हॉल्व्हने मूळ गेमची डागडुजी केली. रुंद पडद्यावर तो नीट बसतो, स्टीम डेकवरही चालतो. आजवर न खेळलेल्याला मी तोच सुचवेन, नवं रूप नाही. आवाज बारीक ऐकू यावेत म्हणून हेडफोन लावावेत, ट्रामचा प्रवास घाईने उरकू नये, मायक्रोवेव्हपाशी थांबावं. झेन अगदीच सोसवेना तर तेवढा भाग चाहत्यांच्या ‘ब्लॅक मेसा’त खेळावा. तिथे तो मूळच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि सरस.