डिकीचा दरवाजा आणि काठीचा टेकू

आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत. "गाडीचं आम्हाला काय कळतंय" म्हणून रेडिओ बंद करू नका. गाडी चालवायचा विषय नाही. डिकी उघडून सामान भरायचा विषय आहे, आणि ते काम आपल्याकडे बहुतेक बायकाच करतात.

आमचा गट मंगळवेढ्याकडचा. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी, कुरडया हा आमचा माल. आधी एसटीनं न्यायचो, मग भाड्याच्या गाडीनं. तीन वर्षांपूर्वी गटानं एक जुनी एसयूव्ही घेतली. उंच गाडी, मागं ऐसपैस डिकी. मागची सीट पाडली की भाकरीचे बारा-पंधरा खोके आरामात बसतात. आमच्यातलीच एक सूनबाई ती चालवते.

या गाडीचा मागचा दरवाजा खालून वर उघडतो. थोडा उचलला की पुढं आपोआप वर जातो आणि डोक्यावर छपरासारखा उभा राहतो. गेल्या दिवाळीच्या सुमाराला तो उभा राहीना. वर ढकलला की थोडा वेळ थांबायचा, मग हळूहळू खाली यायचा. आम्ही काय केलं? बाभळीची एक काठी कापली आणि टेकू दिला. महिनाभरात त्या काठीची इतकी सवय झाली की डिकी उघडायच्या आधी "काठी कुठं हाय?" एवढंच कुणीतरी विचारायचं. दरवाजा का पडतोय, हे कुणीच विचारलं नाही.

डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेला निघायचं होतं. पहाटेची वेळ, कडाक्याची थंडी, सगळ्यांची घाई. खोका आत सरकवताना त्याचा कोपरा काठीला लागला, काठी निसटली आणि दरवाजा धाडकन खाली आला. आमच्यातल्या एका काकूंचा उजवा हात कडेवर होता. हाड मोडलं नाही, पण दोन बोटांना टाके पडले आणि तीन आठवडे त्यांना भाकरी थापता आली नाही. आमच्याकडे मजुरी भाकरीमागं असते. हात बंद म्हणजे मजुरी बंद.

त्यावर गटाच्या बैठकीत बरीच बोलाबोली झाली. एक म्हणाली, "काकूंनी हात तिथं ठेवायलाच नको होता." दुसरी म्हणाली, "अगं, काठी आपण सगळ्यांनी मिळून लावली. मग बुडालेली मजुरीबी सगळ्यांनीच द्यायची." शेवटी दवाखाना आणि मजुरी गटाच्या निधीतून द्यायची ठरली. नंतर दरवाजाची दुरुस्ती केली तेव्हा सामान आलं चौदाशे रुपयांचं. दवाखाना आणि मजुरी मिळून त्याच्या चौपट गेले होते. हिशोबाच्या वहीत हे दोन आकडे एकाखाली एक लिहिताना आमच्या सचिव ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तर हा दरवाजा धरून ठेवतं कोण? डिकी उघडल्यावर डाव्या-उजव्या कडेला दोन काळ्या नळ्या दिसतात. प्रत्येक नळीतून एक चकचकीत दांडी आत-बाहेर होते. कंपनीच्या पुस्तकात त्याला गॅस स्ट्रट म्हणतात. आपल्याकडे गॅरेजमध्ये आणि दुकानात "डिकी शॉकर" किंवा "डिकीचा शॉकअप" म्हणा, लगेच कळतं. इनोव्हा, अर्टिगा अशा वर उघडणाऱ्या दरवाजाच्या गाड्यांना ते असतात. बोलेरोचा मागचा दरवाजा घराच्या दारासारखा कडेला उघडतो, त्याला वजन पेलायची अशी गरज नसते.

शॉकरच्या आत काय असतं ते कळायला सायकलचा पंप आठवा. पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा खाली दाबा. हात सोडला की दांडा परत वर येतो, कारण आतली हवा त्याला ढकलते. शॉकरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन वायू असतो, कायमचा बंद केलेला, आणि फार मोठ्या दाबाखाली. गाडीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन ते अडीच बार दाब असतो. शॉकरमध्ये तो १०० बारसुद्धा असू शकतो. दांडी ८ मिलिमीटर जाडीची, म्हणजे करंगळीपेक्षाही बारीक, आणि आत १०० बार दाब असेल, तर ती दांडी सुमारे ५०० न्यूटन जोरानं बाहेर रेटली जाते. म्हणजे पन्नास किलोचं पोतं उचलायला लागेल एवढा जोर. नळीत थोडं तेलही असतं. दरवाजा एकदम उसळू नये, सावकाश वर जाऊन थांबावा, हे काम त्या तेलाचं. दांडी जिथून बाहेर येते तिथलं रबरी सील ओलं राहायलाही ते लागतं.

वर्षानुवर्षं धूळ आणि ऊन खाऊन ते सील झिजतं आणि वायू थोडा थोडा निसटतो. आवाज होत नाही, वास येत नाही. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आमची फसगत झाली ती थंडीमुळे. वायू गार झाला की त्याचा दाब उतरतो. दुपारी ३० अंश तापमान असेल आणि पहाटे १० अंश, तर दाब शंभरातले सहा-सात हिस्से कमी भरतो. नव्या शॉकरला त्यानं काही होत नाही. पण कसाबसा तग धरून असलेला शॉकर तेवढ्यानंच हार खातो. आमचा दरवाजा दुपारी नीट उभा राहायचा, त्यामुळे सूनबाई म्हणायची, "चांगला तर आहे." आणि आम्ही माल भरायचो पहाटे! तुमच्या गाडीची परीक्षा घ्यायची तर थंडीत सकाळी घ्या. दरवाजा पूर्ण उघडा, खाली कुणी उभं राहू नका, आणि पाच मिनिटं बघा. खाली सरकला, किंवा शेवटची वीतभर वर जायला हातानं ढकलावा लागला, तर शॉकर संपत आलाय. दांडीवर तेलकट ओल दिसली तर संपलाच समजा.

काहीजण दांडीला ग्रीस चोळतात. आम्हीही चोळलं होतं, खोटं कशाला सांगू. ग्रीसला धूळ चिकटते आणि ती धूळ सील आणखी खाते. दांडी कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची, बस्स. दांडी पकडीनं कधी धरू नका. तिच्यावर एक ओरखडा पडला तरी नवा शॉकरही थोड्याच दिवसांत गळायला लागतो.

आता बदलायचं कसं. आम्ही आधी गॅरेजमध्ये एकदा बघितलं आणि मग दुसऱ्या गाडीचं घरी केलं. दोघी लागतात, अर्धा तास लागतो. हत्यार म्हटलं तर एक छोटा चपटा स्क्रू ड्रायव्हर. काही गाड्यांमध्ये शॉकर नटबोल्टनं बसवलेला असतो, तिथं पाना लागतो. एक गोष्ट आधी बघून घ्या. बटण दाबून आपोआप उघडणारी डिकी असेल किंवा शॉकरला वायर जोडलेली दिसली, तर हात लावू नका, मेकॅनिकदादांकडेच न्या.

सामान घेताना गाडीचं नाव, मॉडेल आणि साल सांगा. शिवाय जुन्या नळीवर आकडे छापलेले असतात, त्यांचा मोबाइलवर फोटो काढून न्या. त्यात कंपनीचा नंबर असतो आणि ५०० न्यूटन असा जोराचा आकडा असतो. "जास्त जोराचा घेतला तर जास्त टिकेल" असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका. जास्त जोराचा शॉकर दरवाजा तोंडावर उसळवतो, बंद करताना घाम काढतो आणि बिजागरीवर ताण आणतो. दोन्ही शॉकर एकदमच बदला. एक नवा, एक जुना ठेवला तर दरवाजा एका बाजूनं ओढला जाऊन पिळवटतो. काही गाड्यांत डावा आणि उजवा वेगळा असतो, तेही विचारून घ्या.

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, वारा नसेल अशी वेळ बघा. दरवाजा पूर्ण वर न्या. अर्धवट उघडून चालत नाही, कारण नवा शॉकर पूर्ण लांब झालेला येतो आणि तो हातानं दाबून आखूड करता येत नाही. पन्नास किलोचा जोर आठवा. आता इथं आमची ती काठी कामाला आली, फक्त या वेळी तिच्या टोकाला फडकं बांधलं होतं आणि शिवाय एक वहिनी दोन्ही हातांनी दरवाजा धरून उभ्या होत्या. काठी आणि माणूस, दोन्ही पाहिजेत. एक शॉकर काढला की उरलेल्या जुन्या शॉकरच्यानं दरवाजा पेलत नाही, तो लगेच खाली यायला बघतो.

शॉकरची दोन्ही टोकं गोटीसारख्या लोखंडी बोंडावर बसवलेली असतात. टोकाच्या मागं एक पोलादी पट्टी, म्हणजे क्लिप असते. तिच्या खाली स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून ती थोडीशी उचला, पूर्ण काढू नका. पूर्ण काढली की ती टुणकन उडते आणि अंगणात कोंबड्यांबरोबर शोधत बसावं लागतं. क्लिप सैल झाली की शॉकर आपल्याकडे ओढा, बोंडावरून सुटतो. आधी एक टोक, मग दुसरं. बोंडं पुसून घ्या, हलत असतील तर घट्ट करून घ्या. मग नवा शॉकर जुना होता त्याच दिशेनं लावा. साधारणपणे दरवाजा बंद असताना दांडीचा भाग खाली येतो, म्हणजे आतलं तेल सीलजवळ राहतं. टोक बोंडावर ठेवून तळहातानं दाबा. "टक" असा आवाज आला की बसला. आवाज आला नाही तर बसलेला नाही, दिसायला कितीही बसल्यासारखा दिसो. हातानं ओढून खात्री करा.

एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात घालू नका. दोन्ही शॉकर एकाच वेळी काढले तर सगळा दरवाजा वहिनींच्या हातावर येईल.

दोन्ही बसले की काठी काढा, वहिनींना सावकाश बाजूला व्हायला सांगा, दरवाजा दोन-तीन वेळा उघडझाप करून बघा. नवा दरवाजा थोडा जड बंद होतो, ते बरोबर आहे.

राहिले जुने शॉकर. आतला थोडा वायू गेलेला असतो, सगळा नाही. म्हणून दरवाजा धरता न येणारा शॉकरही हातात घेऊन दाबला तर सहज दबत नाही. त्याला भोक पाडू नका, करवतीनं कापू नका, चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत तर मुळीच टाकू नका. गाड्यांना लागलेल्या आगीत असे शॉकर तापून फुटतात आणि बाणासारखे उडतात. आग विझवणाऱ्या जवानांना त्याचा धोका असतो, म्हणून त्यांना प्रशिक्षणात हे शिकवतात. पोरांना खेळायलाही देऊ नका. आमच्याकडे एकानं त्याची पिचकारी करायची ठरवली होती. भंगारवाल्या दादांना देताना "यात दाबाचा वायू आहे, तापवून कापू नका" असं तोंडानं सांगा. आम्ही नळीवर खडूनं लिहूनही दिलं.

काकूंची बोटं आता बरी आहेत. मधलं बोट थंडीत अजून ठणकतं, म्हणून पहाटेच्या भाकरी सध्या दुसरी एक जण थापते आणि काकू भाजायला बसतात.