अडीच मिनिटांचा हिशेब

भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ मागे पडू लागले, की घरात दोषी ठरते ते बिचारे घड्याळच. कुणी म्हणते तेल सुकले, कुणी म्हणते चावी नीट दिली नाही. पृथ्वीची ओढच कमी झाली असेल, असे कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि कुणी तसे म्हणालाच, तर घरची मंडळी आधी त्याची प्रकृती विचारतील!

झाँ रिशे या फ्रेंच ज्योतिर्विदावर मात्र 1672 साली नेमका हाच प्रसंग आला. पॅरिसच्या विज्ञान-अकादमीने त्याला मंगळाचे वेध घेण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे धाडले होते. पॅरिसला सेकंदासेकंदाला ठोका देणारा लंबक विषुववृत्ताजवळच्या या गावी दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागला. तो वेळेवर आणण्यासाठी रिशेला त्याची लांबी जवळजवळ तीन मिलिमीटरांनी कमी करावी लागली.

यावर शंका निघणारच. उन्हाळी प्रदेश, उष्णतेने धातू वाढते, म्हणून लंबक लांबला असेल! पण मीटरभर लोखंडी सळई वीस अंशांच्या फरकाने वाढून वाढून पाव मिलिमीटर वाढणार. उरलेल्याचा जाब कोण देणार? तो न्यूटनने 1687 साली दिला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून ती कमरेशी फुगलेली आहे. विषुववृत्तावरचा माणूस तिच्या मध्यापासून अधिक दूर असतो; शिवाय फिरण्यामुळेही ओढ थोडी घटते. ओढ कमी, म्हणून झोका संथ.

हा झोका आपल्यालाही मोजता येतो. (झोक्याला शास्त्रात 'आंदोलन' म्हणतात. मराठीच्या शिक्षकाला राहवत नाही म्हणून सांगतो, या शब्दाचा मूळ अर्थ हाच. मोर्चे आणि घोषणा मागाहून आल्या.) गवंड्याचा ओळंबा मिळाला तर उत्तम, नाहीतर शिशाचा गोळा बारीक दोऱ्याने खिळ्याला टांगावा. टांगल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर भरले पाहिजे. गाठीपर्यंत मोजाल तर फसाल. गोळा चार बोटेच बाजूला ओढून हलकेच सोडावा. जाऊन परत आला, की एक आंदोलन. अशी पन्नास मोजावीत. एकच मोजले तर बोटाची चपळाई मोजली जाते. पन्नासांत तीच चूक वाटली जाऊन नगण्य होते.

मुंबईत पन्नासांना सुमारे 100.4 सेकंद लागावेत, म्हणजे एकाला 2.008. आता लांबीला 39.48 ने गुणावे आणि या वेळेच्या वर्गाने भागावे. उत्तर येते 9.79. वरून पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदी इतक्या मीटरांनी वाढतो. गंमत अशी, की गोळा जड की हलका, हे या हिशेबात कुठेच येत नाही. वेळ मात्र जपावी: शंभर सेकंदांत एकाची चूक झाली, तर उत्तर शेकडा दोनने चुकते.

रिशेच्या पुढची पायरी आपल्याच देशात चढली गेली. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी कॅप्टन बसेव्ही यांनी 1865 पासून दक्षिणेपासून हिमालयापर्यंत लंबक झुलवले. एवढा प्रचंड पर्वत, तेव्हा ओढ त्या मानाने जास्त दिसायला हवी होती. पण अपेक्षेपेक्षा ती कमीच भरली. लडाखमधल्या मोरे या उंच पठारावर 1871 साली घेतलेल्या वेधांनी तेच सांगितले. पर्वताच्या पोटाखाली हलक्या खडकाची खोल मुळे आहेत आणि डोंगर जणू त्यांवर तरंगतो, हे आज भूगर्भशास्त्र सांगते. त्याची खूण त्या झोक्यांत होती. त्याच वर्षी, लडाखच्या त्याच मोहिमेत, विरळ हवेत बसेव्हींचा अंत झाला. उरलेले वेध कॅप्टन हेव्हिसाइड यांनी पुरे केले.