नाणेघाट: राणीचे यज्ञ आणि ऋत्विजांची दक्षिणा

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग आहे. कोकणातल्या बंदरांवरचा माल या वाटेने देशावर जाई. घाटमाथ्यावरील लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. तो साधारणपणे इ.स.पू. पहिल्या शतकातला आणि सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो.

लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय, आप्तोर्याम अशा श्रौत यज्ञांची नोंद येते. यज्ञांसोबत दिलेली दक्षिणाही नोंदली आहे: गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी. एका ठिकाणी 1,700 गाई आणि 10 हत्ती असा आकडा आहे. संख्या अंकांत कोरल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात हा लेख फार मोलाचा ठरतो.

यज्ञ करणाऱ्या ऋत्विजांच्या दक्षिणेची नोंद अशी यजमान राजघराण्याच्या लेखातून टिकली आहे. लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजा सिमुक, राणी नागनिका, राजा सातकर्णी आणि राजकुमारांच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावे आणि पायांचे अवशेष उरले आहेत. हा ठेवा जपणे आवश्यक आहे.